चामटोलीची औषधी बाग आणि माझं गेलेलं नाक

कराडहून उठून कुणी उल्हासनगरला हवापालटाला जात नाही. लोक महाबळेश्वरला जातात, गणपतीपुळ्याला जातात, पैसे जास्त झाले तर केरळला जातात. मी बॅग भरली तेव्हा शेजारच्या बायकांनी विचारलं, "तिकडं काय आहे बघायला?" मी म्हटलं, "धाकटी बहीण आहे." ते खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं आता सांगायला हरकत नाही. माघात मला ताप आला. चांगला आठवडाभर अंथरुणात होते. ताप गेला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. नाक आपलं चेहऱ्यावर जागच्या जागी, चमकीसकट; पण त्याला काही म्हणजे काही कळेना. उदबत्ती नाही, फोडणी नाही, नातवाच्या तेल लावलेल्या डोक्याचा वास नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. बहुतेकांचा येतो, काहींचा नाही येत. रोज लवंग आणि लिंबू हुंगत जा." मी न्हाणीघराची कडी लावून लवंगा हुंगत होते.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर चार दिवस हळहळून विसरला असता. पण मी कांदा-लसूण मसाला करते. कराडातली पुष्कळ घरं वर्षाचा मसाला माझ्याकडून नेतात. होळी झाली की विचारणा सुरू होते, पाडव्याच्या सुमाराला मिरची आणायची, देठं काढायची, उन्हं द्यायची, मग भाजण आणि कांडप. मिरची डोळ्यांनी निवडता येते, खोबरं हातानं कळतं, पण भाजण नाकानंच करावी लागते. धणे तर रंगानं साफ फसवतात. वरून दिसतात कच्चे, आणि आत कडू होऊन बसलेले असतात. वास फिरला की त्याच क्षणी कढई उतरवायची. म्हणून भाजताना मी कुणाला जवळ फिरकू देत नाही. सून मेघा गुणाची आहे, पण तिलाही मी पाकिटं भरण्यापुरतीच धरली होती.

तापानंतर मी गुपचूप मूठभर धणे भाजून पाहिले. चव घेतली आणि ते शेवग्याच्या बुडात पुरले. घरात कुणाला बोलले नाही. मेघाला सांगितलं, "मिरची इतक्यात घेऊ नकोस, अजून चांगली येईल." आणि बायका दारात येऊन "काकू, यंदा मसाला कधी?" असं विचारायला लागल्या तशी उल्हासनगरला धाकट्या सुनंदाकडे पळाले. नाक परत आलं नाही, तर हा धंदा इथंच संपला, हे मनात पक्कं झालं होतं. पळताना ते ओझं बॅगेपेक्षा जड होतं.

तेव्हा वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. फाल्गुन सरताना मी एक देखणा जुना बंगला आणि त्याची औषधी बाग पाहून आले, आणि ती पाहणाऱ्या बाईला मोगरा आणि रॉकेल यातला फरक कळत नव्हता.

शुक्रवार, कॅम्प दोन

उल्हासनगरचे भाग अजून 'कॅम्प' म्हणूनच ओळखतात; सुनंदाचं घर त्यातल्या दोन नंबरच्या कॅम्पात, बाजारातच आहे. खाली बटणांचं, चेनींचं, इलास्टिकचं दुकान, समोर पडद्यांचं, आणि मधल्या बोळात शिलाई मशीनचा आवाज दिवसभर. आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकानदार झोपतात आणि गिऱ्हाईकही समजून घेतं. इथं दुपारी दोनला माणूस हातगाडीवर कापडाचे तागे घेऊन "बाजू, बाजू" करत पळत असतो. मला आवडलं. एवढ्या गडबडीत कुणी कुणाला नाकाबद्दल विचारत नाही.

पोचल्यावर तासाभरात शेजारच्या कमलाभाभी आल्या. सिंधी बाई, ठसठशीत, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात. मी आपली गूळ-पाण्याची. भाजलेला मोठा पापड हातात आला तेव्हा वाटलं, हे जेवणातलं चुकून आधी आलं.

"तोडो, तोडो दीदी," भाभी म्हणाल्या. "धूप में से आए हो ना, पापड खाके पाणी पियो, तबियत सेट होते." मग सुनंदाकडे वळून, "तुझी दीदी मसालेवाली ना? उद्या सकाळी मी दाल पकवान आणते. मसाला ओळखायचा. बोले तो परीक्षा!"

झालं. पळून आले ती परीक्षेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर ताट आलं. कडक कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिरलेला कांदा, चिंचेची चटणी. वास नसला की जेवण म्हणजे काय उरतं ते सांगते. खारट, आंबट, गोड, तिखट, आणि दातांखालचा आवाज. पकवानाचा आवाज इतका झकास होता की मी दोन खाल्ले. भाभी चष्मा लावून माझ्याकडे बघत होत्या.

"काय टाकलंय, सांगा."

"आमचूर," मी म्हटलं, कारण आंबट दोन तऱ्हेचं लागत होतं आणि चिंच डोळ्यांना दिसत होती.

"और?"

"और ते तुमचं गुपित आहे, भाभी. मसालेवालीनं मसालेवालीचं गुपित बोलून दाखवू नये."

भाभी इतक्या खूष झाल्या की त्यांनी मला मिठी मारली. खोटं बोलताना माणसाला किती छान सुचतं! सुनंदा माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आणि मी ताट हळूच बाजूला सारलं.

त्याच सकाळी सुनंदानं आपला बेत सांगितला. "ताई, तुला सरप्राइज आहे. बदलापूरजवळ चामटोलीला एक जुना बंगला आहे, शंभर वर्षांच्या वरचा. मोठी औषधी बाग आहे त्यांची. मी फोन करून ठेवलाय. तुला वासाचं वेड ना, म्हटलं हिला मॉल काय दाखवायचा!"

आंधळ्याला कुणी आरसेमहाल दाखवायला निघावं तसं ते झालं. पण बहिणीचा चेहरा इतका फुललेला होता की मी चप्पल घातली.

शनिवार, चामटोली

बदलापूरला कशा पोचलो ते सांगत नाही. तिकडची माणसं रोज जातात येतात आणि त्यावर कधी पानं लिहीत नाहीत. तिथं कुळगावात रिक्षा ठरवताना एका बाईजवळ ताडगोळे दिसले. टोपलीवर ओलं फडकं, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"घे गो बाय, कवले हान, थंड हान," ती म्हणाली. "बंगल्याव चाललाव ना? जा जा, बरी मानसा हान ती."

बंगल्यावर चाललोय हे तिला कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. ताडगोळे मात्र अगदी माझ्या सोयीचे निघाले. त्यांना मुळात वास असा नसतोच. थंड, गुळगुळीत, आत पाण्याचा घोट. महिन्याभरात पहिल्यांदा मी इतरांइतकंच पुरतं काही खाल्लं.

रस्ता सुरेख आहे. गाव मागं पडलं की दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, मधेच नव्या इमारतींचे सांगाडे, आणि बांधांवर पळस असा पेटलेला की पानाचं नाव नाही. पांगाऱ्यावर साळुंक्यांचं भांडण चाललेलं. आंब्यांना मोहोर सरून बोराएवढ्या कैऱ्या धरलेल्या. आमच्याकडे या दिवसांत ऊस तुटून रानं उघडी होतात, डोळ्यांना नुसतं पिवळं दिसतं. इथं ऊन आमच्याहून ओलं. पदर पाठीला चिकटून बसतो.

बंगला म्हटल्यावर मी एखादं पडकं प्रकरण धरून चालले होते. निघालं उलटंच. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, वर दोन मजले, मंगलोरी कौलं, पुढं लोखंडी खांबांचा लांबलचक व्हरांडा आणि ताजा हिरवा रंग दिलेल्या झिलमिलीच्या खिडक्या. जिन्याच्या वर रंगीत काचा, त्यातून उतरलेलं लाल-निळं ऊन थेट पायरीवर. मुंबईच्या एका कापसाच्या शेटजींनी आपल्या बायकोसाठी हे घर बांधलं. तिची छाती नाजूक, म्हणून डोंगराची हवा. वैद्यांनी सांगितलं तसा अडुळसा लावला, त्यातून बाग वाढली. बाई इथं येऊन पुढं खूप जगली म्हणतात. शेटजीच आधी गेले. दिवाणखान्यात दोघांची तसबीर आहे, त्यात ती ताठ बसली आहे आणि शेटजी जरा दमलेले दिसतात.

आता तिथं राहतात अशोकराव आणि शैलाताई. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अशोकरावांच्या, शेटजींच्या वारसांकडून घर घेतलं. अशोकराव अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते, निवृत्त झाल्यापासून बागेत. उंच, वाकलेले, खिशात कायम कात्री. शैलाताई ठेंगण्या, लगबगीच्या.

"या, या. चहा की सरबत?" त्या म्हणाल्या. "आणि बागेत काही तोडायचं असलं तर आधी विचारा हं. आमच्या काही मेंबरांना राग येतो."

हे सुनंदाला सांगितलं होतं, तिनं ऐकलंही होतं. तरी पाच मिनिटांत कुंपणापाशी एका वेलावरच्या मखमली शेंगा बघून ती म्हणाली, "ताई, किती क्यूट!" आणि फोटोसाठी शेंग गालाजवळ घेतली. ती खाजकुइली होती. पुढची काही मिनिटं माझी बहीण त्या ऐतिहासिक अंगणात जी नाचली, तसं शेटजींच्या काळातही कुणी नाचलं नसेल.

"खाजवू नका! घासू नका!" शैलाताई धावल्या. "शेण लावा, शेण. लव निघून येते."

मी गोठ्याकडे गेले, ओंजळभर शेण उचललं आणि सुनंदाच्या हाताला, गळ्याला, गालाला व्यवस्थित थापलं. ती नाक दाबून "ताई, नको ना, शी, ताई, प्लीज" करत होती. मी सारवण करावं तसं शांतपणे करत होते. अशोकराव बाजूला उभे राहून बघत होते. माझ्याकडे, सुनंदाकडे नाही.

शेण वाळवून धुऊन काढल्यावर खाज बरीच उतरली आणि आम्ही एकदाच्या बागेत शिरलो. बाग उतारावर आहे, दगडी पायऱ्यांचे वाफे, मधून पाटाचं पाणी. अडुळसा पांढऱ्या फुलांनी भरलेला. शतावरीची पिसासारखी झुडपं. आंब्याच्या खोडावर चढलेली गुळवेल, तिच्या मुळ्या हवेत दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. वेखंड पाटाच्या कडेला चिखलात उभं. पुढं मरवा, कापूर तुळस, पानओवा, वाळा, गवती चहा आणि चैत्रासाठी राखलेला दवणा. अशोकराव प्रत्येकाची पानं बोटांत घेऊन सांगत, "याची कड बघा. याला लव आहे, हात लावून बघा." सुनंदा प्रत्येक पान चुरगळून डोळे मिटून "आहा" म्हणे आणि माझ्या नाकाला लावे.

"ताई, दवणा! आईच्या देवघरातला वास. आठवला?"

"हो," मी म्हटलं. माझ्यापुढं एक राखी रंगाचं पान होतं, मऊ, बारीक चिरलेलं. आईचं देवघर त्यात नव्हतं. सरळ सांगते, त्या क्षणी मला रडू आलं, आणि मी डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाले.

बागेच्या टोकाला तारेवर एक वेल चढवला होता, लांबट हिरव्या पानांचा. अशोकरावांनी एक पान तोडलं आणि मोठी म्हणून आधी माझ्या हातात दिलं. "प्रसारणी. संधिवाताला उत्तम. चोळा आणि हुंगा. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला देतो."

मी चोळलं. नाकाशी नेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मसालेवाली बाई काय म्हणते ते ऐकायला थांबल्यासारखे. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "अहाहा! किती मंद सुवास आहे हो. थोडा मरव्याच्या अंगानं जाणारा."

शैलाताई एकदम जमिनीकडे बघायला लागल्या. सुनंदानं पान माझ्या हातून घेतलं, हुंगलं आणि अंगावर पाल पडावी तसं फेकून दिलं.

"ईऽऽ! ताई! हे काय आहे! कुणाचं तरी पोट बिघडल्यासारखं! शी शी शी!"

मग मी हसले. "गंमत केली गं तुझी. तू हुंगावंस म्हणून." सुनंदानं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि तीही हसत सुटली. अशोकराव हसले नाहीत. त्या पाहुण्यांच्या खोडीत एरवी हसायची पाळी त्यांचीच असणार, तरी नाही हसले.

जेवणाआधी सुनंदा शैलाताईंबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि अशोकराव मला वाळवणाची खोली दाखवायला घेऊन गेले. पूर्वीचा घोड्यांचा तबेला. आता तिथं छतापासून दोऱ्यांवर जुड्या टांगलेल्या, खाली जाळीचे ट्रे. त्यांनी एका ट्रेमधली अडुळशाची पानं मुठीत चुरडली, आवाज ऐकला, उजेडात धरली, आणि मग दारातून हाक मारली, "शैला! जरा ये!"

त्या पदराला हात पुसत आल्या, वाकून हुंगलं, "अजून एक ऊन. मधली जरा दमट आहेत," म्हणाल्या आणि गेल्या. अशोकरावांनी ट्रे बाहेर काढून ठेवला.

"इंदूताई, मला वास येत नाही," ते ट्रेकडे बघतच म्हणाले. "कारखान्यात हळूहळू गेला. कळलंसुद्धा नाही कधी गेला ते. पुढं कळलं, पण सांगितलं नाही कुणाला. केमिस्ट माणूस, काय सांगणार? हिलाही नाही. पुष्कळ वर्षं नुसतं 'अरे वा' म्हणत काढली. एकदा घरात गॅस सुटला होता आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. ही बाहेरून आली म्हणून वाचलो दोघं." ते थांबले. "शेणाचं मी समजू शकतो. तुम्ही गावाकडच्या. पण प्रसारणीला मरवा म्हणणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं होतं. तो मी."

मग माझे शब्द थांबेनात. ताप, न्हाणीघरातल्या लवंगा, पुरलेले धणे, दारात येणाऱ्या बायका, सगळं सांगून टाकलं. या परक्या माणसापुढं, टांगलेल्या जुड्यांखाली उभी राहून. ते मधे एकदाही "अरेरे" म्हणाले नाहीत.

"माझा गेला तो गेला," ते शेवटी म्हणाले. "तुमचा तापातला आहे, येईल. पण नाही आला तरी तुमचे डोळे आहेत, हात आहेत, इतक्या वर्षांचं डोकं आहे. फक्त नाक दुसऱ्याचं लागेल. आमचं तसंच चालतं. ही हुंगून हो म्हणाल्याशिवाय इथून एक पान पिशवीत जात नाही."

"लाज नाही वाटत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"वाटायची ना. आता हाक मारतो, ती येते, काम होतं." त्यांनी हात झटकले. "चला, वाल गार होतील."

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कैरीची चटणी आणि कोकमाचं सार. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून ही मंडळी भाजी करतात. आमच्याकडे एकेक दाणा सोलत बसलेली सून दिसली, तर सासू तिला वैद्याकडे नेईल. पण दाणा तोंडात मऊ लोण्यासारखा विरघळतो आणि मागं जरासं कडू रेंगाळतं. ते कडू मला लागलं. तांदळाची भाकरी आमच्या ज्वारीपुढं नाजूक, पण सारात बुडवली की तिचा मान कळतो. मी पोटभर जेवले आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत जी झोपले, ती सावली खांबांवरून पार पलीकडे जाईपर्यंत. महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती. कुणालातरी सांगून झालं होतं, एवढंच त्याचं कारण.

परतीच्या रिक्षात सुनंदालाही सांगितलं. तिचा आवाज चढला. "मला पण नाही सांगितलंस? मी काय पेपरात छापणार होते? आणि मी येडी तुझ्या नाकाला पानं लावत फिरतेय सकाळपासून!" रिक्षावाल्यानं आरसा नीट केला. "मेघाला तरी माहितेय का?"

"नाही."

"धन्य आहेस तू, ताई," ती म्हणाली, आणि अजून लालसर असलेल्या हातानं माझा हात धरून बसली.

रविवार, अंबरनाथ

मला रविवारी रात्रीच्या गाडीनं परतायचं होतं, म्हणून सकाळी सुनंदा मला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेली. हे देऊळ नाही पाहिलं तर त्या भागात जाऊन काही पाहिलं नाही असं समजा. काळा दगड, आणि त्यावर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. हत्ती, वेली, अंगना, देव, सगळे दाटीवाटीनं. काहींची नाकं काळानं झिजून गेलेली. मी त्यांच्याकडे आपुलकीनं पाहिलं. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडे देवाकडे डोंगर चढून जातात, हा देव आपल्याला खाली बोलावतो. आत गारवा, पायाखाली ओला दगड, बेलाचा ढीग, धुपाचा धूर डोळ्यांना झोंबत होता. झोंबत होता तेवढाच. मी हात जोडले आणि काय मागायचं ते ठरवून आले होते, ते मागितलं नाही. म्हटलं, बाबा रे, नाक ठेव तुझ्याकडे हवं तर, पण घरी जाऊन खरं सांगायचं बळ दे.

वर आलो. ऊन डोळ्यांवर आलं. देवळाच्या मागच्या अंगाला नाला वाहतो. सुनंदा पदर नाकाला लावून पुढं चालली होती. लोक रुमाल काढत होते. मी आपली शिखराकडे बघत रमतगमत चालले होते, आणि मला वाटलं, कुणीतरी माझ्याशी बोलतंय. म्हणजे आवाज नव्हता. पण काहीतरी होतं, जे आतापर्यंत नव्हतं. मी थांबले. श्वास घेतला. काही नाही. दोन पावलं कठड्याकडे गेले आणि पुन्हा घेतला.

आंबट. कुजकं. त्याच्या मागं काहीतरी औषधी, घशाला टोचणारं.

"ताई, तिकडे कुठे? नाक दाब आधी, इथे भयंकर घाण येते!"

"येते," मी म्हटलं.

"काय?"

"घाण येते गं सुनंदे. भयंकर घाण येते!"

ती वळली. पदर नाकावरून खाली आला. आणि ज्या ठिकाणी माणसं श्वास रोखून घाईनं पुढं जातात, तिथं आम्ही दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडत, हसत उभ्या राहिलो. मी कठड्यावर वाकून छाती भरभरून तो नाला हुंगत होते. एका बाईनं आपल्या मुलाला माझ्यापासून अलीकडे ओढलं. तिचं काही चुकलं नाही. मला मात्र तो वास दवण्याहून, आईच्या देवघराहून, लाखपटीनं गोड लागला. थोडासाच होता, येत होता, जात होता, पण होता. पर्समधली लवंग काढून हुंगली, तिचा अजून पत्ता नव्हता. नसेना. एक आला म्हणजे दुसरा त्याच वाटेनं येईल.

तिथंच उभी राहून मेघाला फोन लावला. काय बोलायचं ते गाभाऱ्यात ठरवलं होतं, ते वास आला म्हणून बदलायचं नाही असं ठरवलं.

"मेघा, ऐक. तापात माझा वास गेला होता. तुम्हाला कुणाला बोलले नाही. आता जरासा येतोय, पण पुरता नाही. यंदा भाजताना तू माझ्याशेजारी उभी राहायचं. रंग मी बघीन, वास तू सांगायचा. तू म्हणशील तेव्हा कढई उतरवायची."

"आई," मेघा म्हणाली, "मला माहितेय. तुम्ही आजारातून उठल्यावर पहिल्यांदा आमटी केलीत ना, त्यात हिंग दोनदा पडला होता. तेव्हाच कळलं. तेव्हापासून तुमच्या मागून रोज झाकण उघडून मी वास घेऊन बघते. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही नाही बोलले."

मला समोरचा नालाही दिसेनासा झाला. "मग आज तरी मिरचीचं बघ," मी कशीबशी म्हणाले. "बाजारात चांगली दिसली तर—"

"मिरची तुम्ही गेलात त्याच दिवशी आणली, आई. गच्चीवर आहे. तुम्ही फक्त या."

फोन ठेवला. सुनंदा डोळे पुसत उभी होती, आता पुन्हा पदर नाकाला लावलेला.

"काय म्हणाली गं?"

"मिरची वाळत घातलीय म्हणते," मी म्हटलं.